जिन्यावरच्या दोघी

ग्लासगोतल्या आमच्या गल्लीत खिडकीखिडकीला, लोकांना धीर यावा म्हणून मुलांनी रंगवलेली इंद्रधनुष्यं चिकटवलेली होती. महामारीचे दिवस होते. टीव्हीवर एक मंत्री सांगत होते, सारा देश एकजुटीने उभा आहे. नेमकी तेव्हाच माझी मुलगी सई मास्क लावून वर्णद्वेषाविरुद्धच्या मोर्चाला निघाली होती.

खालच्या मजल्यावरच्या जीनबाई दारात उभ्या होत्या. त्यांचा नवरा याच आजाराने दवाखान्यात होता. त्या सईला म्हणाल्या, "मला माझ्या माणसाला भेटायला जाऊ देत नाहीत, आणि तुम्ही सगळे मैदानात गर्दी करणार?"

सई जिन्यावर थांबली. "तुमचं खरं आहे, जीन," ती म्हणाली. "पण आज घरी बसले तर मलाच माझी लाज वाटेल." आणि ती गेली.

मी खिडकीशी उभी राहिले. दोघींचंही मला पटत होतं, आणि त्याचीच भीती वाटत होती. वाईट माणसांमुळे देश दुभंगला असता तर ते समजून घेता आलं असतं. इथे तर एकमेकींवर माया करणाऱ्या दोघी एकाच जिन्यावर दोन बाजूंना उभ्या होत्या.

गर्दीतून आजार आणला असेल तर तो पसरू नये म्हणून पुढचे काही दिवस सई खोलीबाहेर पडली नाही. जीनबाईंचं वाणसामान एरवी तीच आणायची. आता मी नेऊन दिलं. पिशवी उचलताना त्यांनी विचारलं, "पोरीला ताप नाही ना आला?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांच्या नवऱ्याची चौकशी करायला मात्र माझी जीभ रेटेना.