सेन्सरला हळदकुंकू

माझा नेम बिघडवणारा माणूस जाऊन आज एक वर्ष झालं.

अप्पा. माझे सासरे.

त्यांची सगळी नोकरी चिंचोळी एमआयडीसीत लेथ मशीनवर गेली. रिटायर झाल्यावर हाताला काम नव्हतं, म्हणून त्यांनी मला हाती घेतलं.

कॉलेजात मी एअर पिस्तूल खेळायचे. मग लग्न, मुलगी, बँकेतली नोकरी. पिस्तूल आठ वर्षं कपाटात. एकदा स्क्रू-ड्रायव्हर शोधताना अप्पांना ती पेटी सापडली. चालतंय का हे, म्हणाले. मी म्हटलं, ते चालतंय, मीच चालत नाही.

त्यांना हे अजिबात पटलं नाही. चालू मशीन बंद ठेवलेलं त्यांना बघवायचं नाही.

रेंज शहराच्या दुसऱ्या टोकाला. रविवार सोडून जमणं शक्य नव्हतं. मग अप्पांनी दहा ठिकाणी चौकशी करून ड्राय फायरचा सेन्सर मिळवला. सेकंडहँड.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पिस्तुलाच्या नळीवर एक छोटा सेन्सर बसवायचा. समोर भिंतीवर टार्गेट. पिस्तूल रिकामं, छर्रा नाही. ट्रिगर दाबला की फक्त टक्. पण तुमचा हात कुठे हलला, कुठे थांबला, त्याची रेघ लॅपटॉपवर उमटते. खोटं बोलायची सोय नाही.

स्पर्धेतलं अंतर दहा मीटर. आमच्या घरात तेवढी सरळ जागा कुठली! स्वयंपाकघराच्या ओट्यापासून पुढच्या दारापर्यंत साडेसहा भरले. अप्पांनी टेप लावून मोजलं, हिशेब करून त्या मापाचं लहान टार्गेट छापून आणलं आणि दाराला चिकटवलं. मागे सासूबाईंचा कुकर शिट्ट्या मारतोय आणि मी हात लांब करून उभी. बघणाऱ्याला वाटावं, दारावर येणाऱ्या पाहुण्यांची ही खास सोय.

रोज संध्याकाळी सहाला. अप्पा लॅपटॉपसमोर खुर्ची टाकून बसायचे. आधी पिस्तूल रिकामं असल्याचं त्यांना दाखवायचं. काल दाखवलं होतं हे चालायचं नाही. मग चाळीस शॉट. बरा गेला तर गप्प, वाईट गेला तर "व्हय, पुढचा." शेवटी "साकु", म्हणजे कन्नडमध्ये पुरे.

मला एकच गोष्ट हवी होती. राज्य स्पर्धेत एकदा परत उभं राहायचं. मेडल वगैरे नाही. नुसतं उभं राहायचं.

रेघ आवळत गेली, म्हणजे हात स्थिर होत गेला. मी फॉर्म भरला.

मग खंडेनवमी आली.

अप्पा कारखान्यात दरवर्षी मशीनची पूजा करायचे. त्या वर्षी घरात मशीन म्हणजे माझं पिस्तूल. पाटावर मांडलं, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. मी बँकेतून येईपर्यंत सगळं उरकलं होतं. दसऱ्याला त्यांनीच सगळं आपल्या धोतराने पुसून पेटीत ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून माझी रेघ सुटली.

कुठल्या कुठे उडायची. मधेच गायब. मी ग्रिप बदलली, उभं राहणं बदललं, चहा सोडला. पाचव्या दिवशी पिस्तूल खाली ठेवलं आणि सांगून टाकलं, अप्पा, हात गेला माझा. फॉर्म मागे घेते.

आणि रडले. मुलीसमोर, सासूबाईंसमोर. लाज वाटली नाही.

अप्पा उठले. गॅलरीत त्यांचा जुना वाइस होता, लोखंड घट्ट धरायचा. तो त्यांनी टेबलाला आवळला. पिस्तुलाची मूठ टॉवेलात गुंडाळून त्यात धरली. टार्गेटवर रोखलं. सगळ्यांना लांब उभं केलं आणि लॅपटॉप बघितला.

रेघ उडत होती.

"वाइसचा बी हात गेला म्हणायचा काय, राजश्री?"

मग भिंग आणून त्यांनी सेन्सर पाहिला. समोरच्या गोल काचेवर हळदीचा पातळ तेलकट थर. कपाळ समजून त्यांनी हळदकुंकू लावलं होतं, तो नेमका सेन्सरचा डोळा निघाला.

इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"तुजा हात हुता तितंच हाय. म्याच डोळं झाकलं त्येचं. आन् पाच दिस तू सोताला शिव्या घातल्यास. हितनं पुढं आदी मशीन तपासायचं, मग माणूस."

आम्ही दोघं मग खूप हसलो. ते जरा कमी.

स्पर्धा तीन आठवड्यांवर असताना त्यांची किडनी बिघडली. दवाखाना, डायलिसिस, डबे, बँक. स्पर्धेच्या नऊ दिवस आधी अप्पा गेले.

मी स्पर्धेला गेले नाही. सगळ्यांना सांगितलं, घरात असं झाल्यावर कसं जाणार. कोणी काही विचारलं नाही. खरं तर घरच्यांनी अडवलं नव्हतं. त्या खुर्चीत कोणी नसताना हात वर होईना.

वर्षभर सेन्सर पेटीत.

गेल्या आठवड्यात सासूबाईंनी पेटी माझ्यासमोर आदळली. एक तर वापर नाहीतर विकून टाक, कपाटात मला साड्या ठेवायला जागा नाही, म्हणाल्या. त्यांचं प्रेम असंच असतं.

फॉर्म भरलाय. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे.

अप्पा, एक राहिलंय.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी तुम्ही विचारलंत, "आज केलीस का प्रॅक्टिस?"

मी हो म्हणाले. चाळीस, म्हणाले. तुम्ही "साकु" म्हणालात आणि डोळे मिटलेत.

केली नव्हती, अप्पा. त्या आठवड्यात एकदाही नाही. तुमच्याशी तेवढं एकच खोटं बोलले.

आज सकाळी केली. मोजून चाळीस.

तुमच्याच शब्दांत नमस्कार: शरणु शरणार्थी, अप्पा.