चौधरीबाईंची टोपली

आमच्या बोटीत चढायचं तर आधी चौधरीबाईंच्या टोपलीसमोरून जावं लागे. बुऱ्हाणपूरच्या राजघाटावर, बोटीच्या फळीच्या तोंडाशी, बाई बांबूची टोपली कडेवर घेऊन उभ्या राहत आणि येणाऱ्या प्रत्येकाचे हात, पिशव्या, खिसे निरखत. वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, निर्माल्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या, सगळं टोपलीत. कुणी कुरकुर केली की बाईंचं वाक्य ठरलेलं असे, “तापीमाय जेवून बसलीय. आता उगीच आग्रह नको.”

एकदा इंदूरच्या एका पाहुण्यानं मला विचारलं, “कॅप्टनसाहेब, या बाई कोण?” मी ऐटीत टोपी सारखी केली. पण मी तोंड उघडायच्या आत बाईच म्हणाल्या, “मी याची मास्तरीण. भूगोलात नापास केला होता याला.” पाहुणा त्या दिवशी फेरी संपेपर्यंत बोटीचा कठडा धरून बसला होता.

आता या ‘कॅप्टन’चं सांगून टाकतो. मी काही वर्षं गोव्यात एका यॉटवर नोकरीला होतो, हे खरं. पण यॉटवर माझं काम पाहुण्यांच्या चपला सांभाळायचं. चढताना चपला काढून घ्यायच्या, उतरताना ज्याच्या त्याला द्यायच्या. मधल्या वेळात मला समुद्र लागायचा, त्यामुळे मी बहुतेक आडवाच असे. बुऱ्हाणपूरला परतलो तो पांढरी टोपी घालून. लोक आपणहून कॅप्टन म्हणू लागले, मग चारचौघांत त्यांचा हिरमोड कशाला करा, म्हणून मी गप्प राहिलो. वडिलांच्या केळीच्या बागेत माझं मन कधी रमलं नाही. तापीत मोटारबोट फिरवायची, लोकांना नदीपात्रातला दगडी हत्ती आणि पलीकडचा जैनाबादचा काठ दाखवायचा, एवढंच डोक्यात होतं. बोटीला नाव दिलं ‘सागरराणी’.

चौधरीबाई उद्घाटनालाच आल्या. नाव वाचून म्हणाल्या, “मुलांना समुद्र शिकवता शिकवता रिटायर झाले मी, पण पाहिला नाही कधी. तुझ्या राणीनंही पाहिला नाही. जमेल आमचं.” पहिल्याच फेरीत एका कुटुंबानं हार-फुलांची पिशवी गाठ मारून नदीत भिरकावली. बाईंनी वल्हं उचललं, पिशवी ओढून घेतली आणि पाणी गळत असतानाच माझ्या मांडीवर ठेवली. रागावल्या की बाईंची शाळेतली भाषा गळून पडे. “काय करू राह्यला रे तू? गावची घाण फिरवायले बोट आणली का?” दुसऱ्या दिवशी त्या टोपली घेऊन हजर. त्यांना कुणी नेमलं नव्हतं आणि काढायची माझ्यात हिंमत नव्हती.

पुढे त्यांनी दगडी हत्तीच्या वरच्या अंगाला असलेल्या डोहात इंजिन बंद करायला लावलं. तिथं कासवं खडकावर ऊन खात बसतात. “तुझ्या फटफटीनं त्यांची झोपमोड होते,” त्या म्हणाल्या. मग मी घामाघूम होऊन वल्ही मारायची आणि बाईंनी कासवं दाखवायची. लोक कासवं पाहून खूश होत. माझ्या वल्ह्यांकडे पाहून कुणी खूश झाल्याचं आठवत नाही.

ताप्ती जयंतीला आमच्याकडे नदीला चुनरी चढवतात. साडीला साडी जोडून या काठापासून जैनाबादच्या काठापर्यंत. पूर्वी पोहणारे टोक घेऊन जात. एका वर्षी पाऊस लांबला होता, पाणी कमी होतं, आणि अख्खं गाव घाटावर. मी म्हटलं, टोक मी नेतो. बाई म्हणाल्या, “वल्ह्यानं ने.” पण एवढ्या लोकांसमोर कॅप्टननं वल्हं मारायचं? मी टोक बोटीच्या मागच्या कडीला बांधलं आणि इंजिन सुरू केलं. मागच्या बाजूलाच पंखा असतो, हे गोव्यात चपला सांभाळतानाही कळायला हरकत नव्हती. चुनरी पंख्यात गुंडाळत गेली, बोट गर्रकन फिरली आणि मी टोपीसकट पाण्यात. जिवाच्या आकांतानं ‘वाचवा, वाचवा’ ओरडत होतो, तेवढ्यात घाटावरून ओळखीचा आवाज आला, “अरे, उभा राय! कमरेइतकंच पाणी हाय!”

उभा राहिलो. गाव हसलं, पण हसू लगेच विरलं. “माई की चुनरी फाड़ दी!” कुणीतरी ओरडलं आणि गर्दी चिडली. बोट आजच बंद करा, घाटावर पुन्हा दिसता कामा नये, असा गलका झाला. मी ओल्या कपड्यांत उभा. बोट गेली असती तर मला पुन्हा चपलांकडे जावं लागलं असतं, आणि या वयात ते जमलं नसतं. खरंच रडू आलं.

बाई पायरीवर चढल्या आणि म्हणाल्या, “खाली बसा.” अर्धी गर्दी त्यांच्या हाताखालून गेलेली, ती मुकाट बसली. ती बसली म्हणून बाकीचीही बसली.

“दर वर्षी चुनरी सोडता. पुढे कुठं जाते ती?”

“समुद्रात,” एकजण म्हणाला.

“चूक. त्या पुलाच्या खांबाला अडकते, अन् सडते. मी समुद्र पाहिला नाही, पण तुमच्या एकाही चुनरीनं पाहिलेला नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “मायला साडी नेसवा. पूजा झाली की हाच गधा वल्ह्यानं ती परत आणेल. बायाबापड्यांना प्रसाद म्हणून वाटा.”

तशी पद्धत पडली. बोट वाचली ती गधा म्हणवून घेऊन, आणि मला ते कॅप्टनपेक्षा मानाचं वाटलं.

त्यांना समुद्र दाखवायचं मी किती वेळा म्हटलं. “माझ्या केळीचे घड उतरू दे,” नाहीतर “कासवांचं बघेल कोण?” असं म्हणून त्या टाळत. मग अंथरूण धरलं. भेटायला गेलो तर म्हणाल्या, “मी गेले की दामू राखेचा अख्खा कलश घेऊन येईल. तू चिमूटभरच सोडू दे. ताटाच्या कडेला मीठ वाढतात ना, तेवढं. बाकीचं माझ्या केळीच्या बागेत.”

“पण दामूकाकांना मी कसं सांगू?”

“टोपली हाय ना तुझ्याजवळ?”

दामूकाका त्यांचे धाकटे भाऊ, रीतीभातीला पक्के. बाई गेल्यावर भरला कलश, मोठा हार, नारळ, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन ते फळीशी आले. डोळे सुजलेले. त्यांना अडवायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं. मी नुसती टोपली पुढे केली. काकांनी टोपली ओळखली. मग त्यांनी हार ठेवला, नारळ ठेवला, पिशवी घडी घालून ठेवली. कलश मात्र छातीशी धरून ठेवला.

“किती म्हणाली ती?” त्यांनी विचारलं.

“मिठाएवढं.”

इंजिन न लावता आम्ही डोहात गेलो. काकांनी चिमूट सोडली आणि उरलेला कलश पदरात मूल घ्यावं तसा उपरण्यात घेतला. कासवं हलली नाहीत. पाण्यावरची ती राखाडी रेघ खाली घाटाकडे, घाटावरून पुलाकडे निघाली. माझा भूगोल अजून कच्चा आहे. पण चिमूटभर काही खांबाला अडकत नाही, एवढं मलाही कळतं.