पोटातल्या बाळासाठी जंतू

माझ्या थोरल्या मुलीला बाळपणी इसब होता. कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खोबणीत लालभडक चट्टे. ती खाजवायची आणि मी तिचे हात धरून बसायचे. त्यामुळे दुसऱ्या खेपेला दिवस गेले, तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरबाईंना मी पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं.

सातवा लागल्यावर त्यांनी प्रोबायोटिकच्या कॅप्सूल लिहून दिल्या. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "हाई काय शे?"

मी म्हटलं, "आई, यात चांगले जंतू असतात. जिवंत."

सासूबाई पिंपळनेरकडच्या. दुखण्याखुपण्याला घाबरणाऱ्या नाहीत, पण हे ऐकून त्यांनी डबी माझ्या हातातून काढूनच घेतली. "पोटमा लेकरू शे, आनि तू जंतू खाशी?"

दुसऱ्या दिवशी त्या डबी घेऊन माझ्यासोबत दवाखान्यात आल्या. डॉक्टरबाईंनी त्यांना खुर्ची दिली. "आजी, तुमच्या दह्यात असतात ना, त्यांचेच हे भाऊबंद. आईनं शेवटच्या महिन्यांत घेतले तर बाळाला इसब होण्याची शक्यता थोडी कमी होते, असं दिसलंय. पण खात्री कुणीच देऊ शकत नाही."

"मंग मन्हं ताक काय वाईट शे?"

"ताकही द्या. पण त्यातले जंतू वेगळे, यातले वेगळे."

रिक्षात सासूबाई डबी उलटसुलट करून बघत होत्या. घराजवळ आल्यावर डबी माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "पानी जास्त पेत जाय."

त्यानंतर मला विसरायची सोयच उरली नाही. जेवण झालं की स्वयंपाकघरातून हाक यायची, "तुन्हा जंतू खादात का?" माझा नवरा हसून हसून बेजार व्हायचा.

डोहाळजेवणाला असोद्याहून माझी आई आणि काकू आल्या. ओटी भरून झाल्यावर मी कॅप्सूल घेतली, तशी काकूंनी काळजीनं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई पाट सरकवून त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. आतड्यात काय काय राहतं, हे त्यांनी काकूंना इतकं रंगवून सांगितलं की वाढायला आलेल्या बायका ताटं घेऊन तिथेच उभ्या राहिल्या.

मुलगा झाला. आता दोन वर्षांचा आहे. त्याच्या अंगावर अजून एकही चट्टा उठलेला नाही. थोरलीचाही इसब वयाबरोबर निवळत आलाय. त्याच्या लसीला सासूबाईंसोबत गेले तेव्हा मी डॉक्टरबाईंना विचारलं, "हे कॅप्सूलमुळेच ना?"

"असेलही. नुसतं त्याचं नशीबही असेल," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी नातवाला खांद्यावर घेतलं आणि आम्हा दोघींकडे दुर्लक्ष करून, "जंतूच ते," असं त्यालाच सांगत त्या बाहेर निघाल्या.