साहेब येऊन गेले

आई न्हाणीघराच्या पायऱ्यांवर घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि ऑपरेशननंतर डोंबिवलीला धाकट्या भावाकडे गेली. तिच्या मदतीला माझी बायकोही गेली. आमचा संडास नि न्हाणी मागच्या दारी, पडवी उतरून खाली. आईला आता ते जमणार नव्हतं. माजघराला लागून एक खोली, तिच्यातच न्हाणी-संडास, एवढं बांधलं की ती परत येणार होती. फोनवर तिचा एकच प्रश्न असायचा, "गणपतीला मी घरी ना रे?"

मी म्हणायचो, "परवानगी आली की झालंच." गवंडी तयार होता. जांभ्या दगडाचा चिरा येऊन पडला होता. पण पावसाआधी पाया झाला नाही, तर पुढे गणपती होईपर्यंत कोणी कामाला हात लावणार नव्हतं.

नगरपालिकेत अर्ज ऑनलाइन भरला होता. बँकेत आयुष्य गेल्यामुळे संगणकातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा एक जुना आजार आहे. सकाळी चहाच्या आधी मी अर्जाची स्थिती बघायचो. 'स्थळपाहणी प्रलंबित'. जेवल्यावर पुन्हा बघायचो, तेच. संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला येणाऱ्या मंडळींना मोबाइल दाखवून सरकारी कारभारावर भाषण द्यायचो. पुढे पुढे ती मंडळी लांबूनच वळून जाऊ लागली.

मग मी घराला कुलूप लावून रोज कचेरी गाठू लागलो. बांधकाम विभागाच्या बाकावर बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचं, साहेब पाहणीला येणार कधी? साहेब कधीच जागेवर नसत. मला वाटायचं, चहाला गेले असतील.

आमच्या आवाराच्या दगडी गडग्यापलीकडे जो शेजारी राहतो, तो माझा शाळासोबती. माझ्या कलमाची एक फांदी त्याच्या आवारात गेली आणि तिकडे पडलेले आंबे कोणाचे, यावरून आमचं बोलणं बंद झालं ते आजतागायत. पण बोलणं बंद म्हणजे गप्प बसणं नव्हे. आमच्याकडे अशा वेळी माणूस कुत्र्याशी बोलतो. ऐकणाऱ्याने आपल्यापुरतं घ्यायचं.

त्या आठवड्यात त्याचा आवाज जरा जास्तच चढला होता. "काय रे मोत्या, सायेब येऊन कुलूप बघून गेले ना? आणि मालक कचेरीत ठाण मांडून बसलेत, सायेब का येत नाय म्हणून इचारायला!"

मी मनात म्हटलं, टोमणे मारतोय मेला. आणि त्याला ऐकू जाईल अशा बेताने खिडकी आपटली. मोबाइलवर अनोळखी नंबरवरून कोणी दोनदा फोन केला होता, तोही मी उचलला नाही. अनोळखी नंबर उचलू नये, हे मी बँकेत असताना शेकडो लोकांना शिकवलंय.

शेवटी एक दिवस कचेरीत माझा तोल गेला. मी टेबलावर हात आपटून ओरडलो. तिथली बाई शांतपणे म्हणाली, "काका, साहेब आत्ता तुमच्याकडेच गेलेत. तिसऱ्यांदा. आजही कुलूप असलं तर अर्ज परत पाठवणार म्हणालेत."

स्कूटर कशी हाकली मला ठाऊक नाही. घरी पोचलो तर रस्त्याकडचं बेडं सताड उघडं. आवारात साहेब टेप धरून उभे, आणि टेपचं दुसरं टोक दाबून चिऱ्यांशेजारी उकिडवा बसलेला माझा शेजारी! गडगा ओलांडून आत आलेला. लेंग्याला सुकं शेवाळ लागलेलं.

साहेब त्याला विचारत होते, "दार कुठल्या बाजूला घेणार?"

"माजघरातून. म्हातारीला उंबरा नको, पाय उचलत नाय तिचा."

मी तर नकाशात उंबरा घालून घेतला होता. चांगला सागवानी.

"तुम्ही यांचे कोण?" साहेबांनी विचारलं.

"कोण नाय," तो म्हणाला. "आमचं बोलणं नाय."

साहेबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पुढचं माप घेतलं. जाताना म्हणाले, "मापं बरोबर आहेत. आठवड्याभरात परवानगी मिळेल."

ते गेल्यावर आम्ही दोघेच उरलो. आभार मानावेत म्हणून मी तोंड उघडलं, पण इतक्या वर्षांची सवय, आधी नजर मोत्याला शोधू लागली. तो हात झटकत उठला आणि माझ्याकडे बघून, अगदी माझ्याचकडे बघून म्हणाला, "तुझी आई रोज फोन करते मला. सकाळी नि रात्री. पोरगा सांगत नाय काय ते, तू बघ म्हणते. तिला कळव आधी."

मी तिथेच चिऱ्यावर बसून फोन लावला. ती "हॅलो, हॅलो" करत राहिली आणि मला काही बोलताच येईना.

"काय झालं रे? नाय म्हणाले काय?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "असू दे हो. मी राहीन इकडे. तू जिवाला लावून घेऊ नको."


"नाही गं," मी कसंबसं म्हटलं. "तू येत्येस घरी."