ढिगापुढचा दिवा

जयवंताबाई गेल्या उन्हाळ्यात वारल्या. त्यांच्याबद्दल कोणीतरी लिहावे असे वाटत होते. कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो आहे. नीट जमेल की नाही, ठाऊक नाही.

गुडीहत्नूरकडच्या आमच्या गावात वीज आहे, पण शेतावरच्या घरांपर्यंत तारा गेलेल्या नाहीत. वेचणीच्या दिवसांत निम्मे गाव तिकडेच राहायला जाते. कापूस खोलीत आढ्यापर्यंत रचतात, माणसे त्याच्याच कडेला निजतात, लेकरे तर वरच झोपतात. पहिल्या वेच्याच्या कापसाची वात वळून ढिगापुढे तेलाचा दिवा लावायचा, ही आमच्याकडची रीत. तो मान घरच्या बाईचा. पुरुष त्या दिव्याला हात लावत नाहीत.

जयवंताबाईंनी एका वर्षी असाच दिवा लावला आणि त्या बाहेर चुलीवर भाकरी टाकायला गेल्या. त्यांची मुलगी सुवर्णा ढिगावर झोपली होती. दिवा मांजराने पाडला की वाऱ्याने, ते कळले नाही. लोक धावून येईपर्यंत कापूस असा पेटला होता की खोलीत शिरता येईना.

त्यांचे यजमान चंपतराव त्यांना कधी एका शब्दाने बोलले नाहीत. पुढच्या वेचणीला मात्र ते आदिलाबादहून सोलरचे स्वस्त दिवे घेऊन आले. दिवसभर उन्हात ठेवायचे, संध्याकाळी बटन दाबायचे. तेल नाही, काडी नाही. घेतलेल्या भावातच ते घरोघर देऊ लागले. लोक चहा पाजत आणि पुढच्या साली बघू म्हणत. मग चंपतराव सुवर्णाची गोष्ट सांगू लागले. "दिवा घरातलाच होता," एवढेच म्हणत. ते ऐकून बाया दिवा घेत. पण ढिगापुढे दिवा कोण लावते, हे कोणाला सांगावे लागत नव्हते. जयवंताबाई पिठाच्या गिरणीवर आल्या की तिथले बोलणे थांबू लागले. पुढे त्यांनी गिरणीवर येणेच सोडले.

एका दुपारी मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. चंपतराव दिवे पुसत होते. जयवंताबाई सुपातली डाळ निवडत म्हणाल्या, "दिवे द्या जी घरोघर. मी काई नाई म्हनत. पन त्याईच्या संगं मले काऊन देता?"

चंपतरावांचा हात थांबला. "तुयं नाव म्या कधी घेतलं?"

"घ्या लागते का?"

पुसलेला दिवा पिशवीत ठेवत ते म्हणाले, "उद्या तू बी चाल. काय सांगतो ते आयक."

माझे शेत त्याच वाटेवर, म्हणून दुसऱ्या दिवशी दिव्यांची एक पिशवी मी धरली. पहिले घर सोजरबाईंचे. ढीग आढ्याला टेकला होता आणि वर त्यांची लहान नात झोपली होती. सोजरबाईंनी दिव्यात वात घातली होती, काडीपेटी हातात होती.

"या दिवेवाले भाऊ," त्या हसून म्हणाल्या. "लक्षुमीले आता ब्याटरी दाखवता का?"

चंपतराव हसले नाहीत. "सोजरबाई, आमच्या घरी त्या दिवशी दिवा म्या लावला होता. मायाच हातानं."

सोजरबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. "बाप्या मानूस कवापासून ढिगाले दिवा लावाले लागला? काईबी सांगता, भाऊ. दिवा इकाचा तं सरळ इका." आणि त्यांनी काडीपेटी उघडली.

खोटे कोणी मानले नव्हते आणि खरे त्यांना म्हणवत नव्हते.

जयवंताबाई दाराशी उभ्या होत्या. त्या आत आल्या. "खोटं बोलून राह्यले ते. दिवा म्या लावला होता. भाकरी टाकाले बाहेर गेली. सुवर्णा वर निजली होती. तुयी नात निजली ना, तशीच."

सोजरबाईंनी काडीपेटी खाली ठेवली. मग दिव्यातली वात बोटाने काढून घेतली. "वयनी," त्या हळूच म्हणाल्या, "बटन कोनतं याचं?"

जयवंताबाईंनी दाखवले.

बाहेर आल्यावर चंपतराव म्हणाले, "तुले कोनं सांगतलं होतं बोलाले?"

"ती काडी वढून राह्यली होती. मंग काय करू?"

पुढचे घर शेजारच्याच वावरात होते. चंपतराव बांधापर्यंत आले आणि पिशवी मांडीवर घेऊन खाली बसले. जयवंताबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग पिशवीतले दोन दिवे काढले, पदर सारखा केला आणि त्या एकट्याच आत गेल्या.

आतून त्यांचा आवाज येऊ लागला. चंपतरावांनी दोन्ही हातांनी कान झाकून घेतले होते.