सरांची एका पानाची फाइल

आमचे टायपिंगवाले सर बिघडलेल्या कॉम्प्युटरला हात लावण्याआधी त्याच्यासमोर दोन मिनिटं गप्प बसत. मग मालकाकडे वळून विचारत, "काल काय केल्तं ह्याला?" आपण काहीच केलं नाही, असं छातीठोकपणे सांगायचं आणि सरांनी नुसतं बघत राहायचं. शेवटी आपणच कबूल करायचं. आमच्या निम्म्या तीर्थपुरी गावाच्या असल्या चोऱ्या त्यांनी पकडल्या, पण चारचौघांत कुणाला लाजवलं नाही.

आमची अख्खी पिढी त्यांच्याकडे टाइपरायटर बडवायला शिकली. पुढे त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि गावाच्या लग्नपत्रिका, अर्ज, शाळेच्या प्रश्नपत्रिका सगळं त्यावर उतरू लागलं. इतकी नावं बोटांखालून गेली, पण बायकोचं नाव काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. काकूंना ते जन्मभर "अवो" म्हणत आले. काकूंना अक्षरओळख नव्हती. गावाला शिकवता शिकवता घरचं राहून गेलं, याची सरांना खंत होती. एकदा चहा पिताना हळूच म्हणाले, "त्यांच्यासाठी कॉम्प्युटरवर पानभर लिवून ठेवलंय. नाव घालून. तोंडानं म्हणता येत न्हाई, वाचून दाखवताना तरी येईल." दिवाळीला वाचणार होते. मी त्यांची भरपूर चेष्टा केली.

आणि मीच घात केला. मी शाळेत कारकून. शाळेचा निकाल सरांच्याच कॉम्प्युटरवर व्हायचा. निकालाचा नवा प्रोग्राम त्यावरच्या जुन्या सिस्टीमवर चालेना, म्हणून नवी सिस्टीम टाकायचा हट्ट धरला. सर म्हणत होते, थांब, आधी सगळ्याच्या प्रती छापून घेऊ. मला कुठला दम? जालन्याहून माणूस आणून तासाभरात काम उरकलं. निकाल लागला. पण सरांचा मराठी फॉन्ट नव्या सिस्टीमवर चालेना, आणि वर्षानुवर्षांचं मराठी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं होऊन बसलं. फॉन्ट बनवणाऱ्याने दुकान कधीच बंद केलं होतं.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. जुने छापील कागद शेजारी ठेवून, कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर, हे ते एका वहीत उतरवू लागले आणि एकेक फाइल पुन्हा टाइप करू लागले. आधी तुमचं पान काढा, असं मी कितीदा म्हणालो. "आधी लोकांचं, मंग आपलं," एवढंच म्हणाले. दिवाळी आठ दिवसांवर असताना छातीत कळ आली आणि सर गेले.

तेराव्यानंतर मी काकूंना त्या पानाचं सांगितलं, तसं त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. "सगळं न्हाई आलं तरी चालंल. माझं नाव हाय का, एवढंच बघ बाबा."

सरांची वही मांडीवर घेऊन मी एकेक चिन्ह जुळवत गेलो. पहिलाच शब्द लागला. मुक्ता. मी मोठ्याने वाचला.

काकू म्हणाल्या, परत म्हण. मी परत म्हणालो. चार वेळा म्हणालो.

"ते कसं म्हणले असते रे?"

मी वहीतलं पुढचं चिन्ह शोधू लागलो. उरलेलं पान मी दोन दिवसांत पूर्ण वाचून दाखवलं, पण ते सरांच्या तोंडून ऐकणं मी काकूंपासून हिरावून घेतलं होतं. अजूनही कॉम्प्युटर अडला की मी त्याच्यासमोर दोन मिनिटं गप्प बसतो. काल काय केलं होतं, हे आता कुणी मला विचारायची गरज लागत नाही.