नेदाचा पाहुणा

लाबा नदीच्या दलदलीत आमच्या स्लाव वस्त्या. पाहुण्याला दारातून हाकललं तर गावानं ते घर जाळावं, ही आमची रीत. नेदाला तर पाहुणा म्हणजे जीव की प्राण!

त्या थंडीत तिच्या दारात आला तो आमच्यावर चालून येणाऱ्या सम्राटाच्या फौजेतला सॅक्सन शिपाई, हेरिक. वाट चुकलेला, तापानं फणफणलेला.

नवरा प्रिबिक करवादला, "अगं, शत्रू आहे तो! दे ढकलून चिखलात."

"उंबरा ओलांडला ना त्यानं? मग पाहुणाच. तुझ्या आईनंच शिकवलंय मला."

"माझ्या आईला मध्ये आणू नकोस!"

जवाची पेज, मासे, मध खाऊन गडी उभा राहिला. आता रीतीप्रमाणे त्याला सुखरूप पोचवणंही यजमानाकडेच. बाहेर जायची वाट एकच, पाण्याखाली पुरलेल्या ओंडक्यांची. परक्या कुणाला ती ठाऊक नव्हती.

"निदान डोळे तरी बांध त्याचे," प्रिबिक म्हणाला.

"पाहुण्याचे डोळे बांधू? काहीतरीच तुझं!"

काठावर पोचल्यावर हेरिकनं तिचा हात कपाळाला लावला. "आई, हे विसरणार नाही."

नाहीच विसरला मेला! बर्फ वितळलं आणि सम्राटाची फौज त्याच ओंडक्यांवरून गावात शिरली. पुढे हेरिक. प्रिबिक कुंपणापाशी मरून पडला. पोरंबाळं दोरीला बांधून विकायला नेली. घरं पेटली, आणि नेदाच्या दारात हेरिक आडवा उभा राहिला. "या घराला हात लावायचा नाही. इथलं मीठ खाल्लंय मी."

"जाळ रे! माझंही जाळ!" नेदा ऊर बडवत ओरडली. त्यानं मान खाली घातली, पण ऐकलं नाही.

लव्हाळ्यांत लपलेले चारदोन जण परतले आणि राखेतच राहू लागले. गावात छप्पर उरलं होतं ते एकट्या नेदाचं.

"आत ये गं, भाकर गरम आहे," तिनं शेजारच्या ल्युबाला हाक मारली. ल्युबाच्या दोन्ही मुली त्या दोरीला बांधून नेल्या होत्या.

"तुझ्या पाहुण्याला ठेव," ल्युबा म्हणाली.

नेदा रोज भाकर-मीठ मांडायची, दार सताड उघडं ठेवायची. कुणी फिरकलं नाही. शेवटी एका सकाळी तिनं चुलीतलं जळतं लाकूड काढून आपल्याच छपराला लावलं आणि राखेत ल्युबाशेजारी जाऊन बसली.

"डोळे बांधायला हवे होते गं त्याचे," ती रडत म्हणाली.

"हो, हवे होते," ल्युबा म्हणाली, आणि अंगावरचं मेंढीचं कातडं तिनं अर्धं नेदाकडे सरकवलं.